घरी बसून इंटिरियर डेकोरेशन शिकता येतं का? सोलापुरात काम मिळेल का?

आबोली | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहते. बी.कॉम. झालंय, लग्नाआधी एका सीएंकडे नोकरी केली, मुलगा झाल्यावर सोडली. आता तो पहिलीत गेलाय आणि दुपार माझी मोकळी असते. घर लावायची आवड पहिल्यापासून आहे. नात्यातल्या दोन-तीन घरांचे रंग, पडदे, बैठकीची मांडणी मीच ठरवून दिली आणि लोकांना आवडली. आता हे पैसे घेऊन करावं असं वाटतंय.

पुण्याला जाऊन दोन-तीन वर्षं शिकणं शक्य नाही. मोबाइलवर रोज ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती येतात, शेवटी प्रमाणपत्र देतात म्हणे. असा कोर्स करावा का? की आपलं आपण शिकता येतं? आणि सोलापुरात डेकोरेटरला पैसे देणारी माणसं आहेत का? घरचे म्हणतात, इथे लोक सुतारालाच सांगतात, तोच डिझाइन करतो, तोच कपाट करतो.

अनुभवी लोकांनी लिहा. कौतुक नको, खरं सांगा.

---

कडकभाकरी | रात्री १०:३१

घरच्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे सुताराने मोबाइलमध्ये फोटो दाखवला, आईने "असंच पण ब्राउन" म्हटलं, झालं इंटिरियर.

धागा वाचतोय. बायकोलाही यात रस आहे.

---

ओळंबा | रात्री ११:०५

आबोलीताई, मी बांधकामातला निवृत्त माणूस, इंटिरियरवाला नव्हे. पण आयुष्यभर घरं मोजली, तेवढ्यावर सांगतो.

कोर्सचे पैसे भरायच्या आधी पाच मीटरचा चांगला स्टीलचा टेप आणि आलेखाची वही घ्या. स्वतःच्या घराचा नकाशा काढा. वहीवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरलं की १:५० चं प्रमाण मिळतं, डोकं खाजवावं लागत नाही. नुसती खोल्यांची लांबी-रुंदी नको. भिंतीची जाडी, दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीची कड जमिनीपासून किती वर आहे, बीम कुठून खाली उतरलाय, स्विचबोर्ड, पंख्याचा हूक, नळाचा तोंडभाग, गटाराची जाळी, सगळं. हे काढताना लक्षात येईल की ज्या खोलीत आपण रोज वावरतो तिच्याबद्दल आपल्याला फारसं माहीत नव्हतं.

मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर खोली गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. बहुधा येणार नाहीत. सोलापूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया नीट घेतला नसेल तर भिंत हलते, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते, फरशी एका बाजूला बसते. अशा भिंतीवर वॉलपेपर चिकटवून पैसे घेणारे मी पाहिलेत. पुढच्या उन्हाळ्यात कागद भेगेबरोबर फाटतो. भेग दिसली की आधी ती जुनी आहे की वाढतेय ते बघा. वाढत असेल तर ते काम तुमचं नाही, इंजिनिअरचं आहे, असं गिऱ्हाइकाला सांगायचं.

भिंतीत बसणाऱ्या कपाटाचं माप तळाशी, मध्ये आणि वर अशा तीन जागी घ्यावं आणि त्यातलं सर्वात लहान धरावं. अर्धा-पाऊण इंच फरक पडतोच.

आणखी एक. जाहिरातीतल्या चौरस फुटांवर कधी हिशेब करू नका. रेराचा, म्हणजे घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून. तेव्हापासून बिल्डरने चटई क्षेत्र, म्हणजे आतली वापराची जागा सांगायची असते, पण लोकांच्या तोंडी अजून भिंती, जिना सगळं धरलेला सुपर बिल्टअपच असतो. गिऱ्हाईक म्हणेल "नऊशेचा फ्लॅट", आत सहाशे-साडेसहाशे भरेल. टेप काढा.

---

आबोली | रविवार, सकाळी ७:४०

काका, खूप आभार. मुलगा उठायच्या आत हॉल मोजला. कर्णात दीड इंचाचा फरक आहे! घर नवीनच आहे हो.

---

ओळंबा | सकाळी ८:१०

दीड इंच म्हणजे गवंडी बरा होता म्हणायचं.

---

चौकट | सकाळी ९:५५

मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात. इंटिरियर डिझाइनचा एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) डिप्लोमा केलाय, बरीच वर्षं याच कामात आहे. थोडं थंड पाणी ओतते, राग मानू नका.

रंगसंगती, मापं, नकाशा, फर्निचरची मांडणी, अंदाजपत्रक हे घरी शिकता येतं. मी कॉलेजात शिकले त्यातला मोठा भाग आज कोणीही घरबसल्या शिकू शकेल. पण कामाचा क्रम आणि माणसं सांभाळणं साइटवर उभं राहिल्याशिवाय येत नाही. आधी तोडफोड, मग भिंतीतल्या वायरच्या आणि पाण्याच्या पायपांच्या खाचा, मग फरशी-टाइल्स, मग पीओपी, पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, मग सुतार, आणि शेवटचा हात सुतार गेल्यावर. पलंगाच्या डोक्याशी दिवा हवा हे सुतार आल्यावर आठवलं तर रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागते आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर भांडण होतं. हे पाठ करून येत नाही. कुणाच्या तरी हाताखाली सहा महिने तरी साइट बघा, पैसे कमी मिळाले तरी.

प्रमाणपत्राबद्दल: भारतात इंटिरियरचं काम करायला परवाना लागत नाही. संरक्षण आहे ते 'आर्किटेक्ट' या नावाला, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केलं की तो कायदा ते नाव आणि पदनाम वापरण्यावर बंधन घालतो. म्हणजे कार्डावर इंटिरियर डेकोरेटर बिनधास्त छापा, आर्किटेक्ट छापू नका. आणि भिंत पाडायचा, बीमला भोक पाडायचा सल्ला स्वतःच्या जबाबदारीवर कधीही देऊ नका.

गिऱ्हाईक प्रमाणपत्र विचारत नाही, केलेली कामं विचारतं. नोकरी करायची असेल तर मात्र डिप्लोमा लागतो. ऑनलाइन कोर्सला पैसे भरायचेच असतील तर एकच बघा: तुमचा नकाशा कोणी माणूस तपासून लाल शाईने परत देणार आहे का? नुसते व्हिडिओ असतील तर तसले फुकट पडलेत.

---

आबोली | दुपारी २:२०

चौकटताई, रागाचं काय त्यात, हेच हवं होतं. सॉफ्टवेअर कुठलं शिकू? घरात जुना लॅपटॉप आहे.

---

चौकट | दुपारी ३:०२

आधी हाताने. महिनाभर तरी. नंतर स्वीट होम थ्रीडी घ्या, मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, भिंती आणि फर्निचर मांडून बघायला पुरेसं. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी फुकट आवृत्ती सरावाला चांगली, पण ती वैयक्तिक वापरापुरती आहे, धंद्याला लागलात की पैसे भरून घ्यावी लागते. ऑटोकॅडच्या मागे आत्ता लागू नका.

---

रंधा | रात्री ९:४८

ताई, आमचा सुतारकामाचाच धंदा हाय, वडलांपासून. अशोक चौकाकडं कारखाना हाय छोटा. डेकोरेटर लोकांबरोबर लई कामं केली. तुमच्यासारखे शिकलालेत ते बरंच हाय, पण एक गोष्ट कोर्समधी कोण सांगत नाही ती सांगतो. प्लायचा हिशेब.

कपाट घ्या. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल. चार पल्ले. आत मध्ये एक उभी फळी, चार आडव्या फळ्या तीन-तीन फुटाच्या. डेकोरेटर काय करतो, चौरस फूट काढतो. दोन बाजू २८, वर-खाली २४, मधली १४, फळ्या २४, पल्ले ४२. झाले १३२. प्लायचा तक्ता ८ बाय ४, म्हणजे ३२ फूट. १३२ भागिले ३२, चार आणि थोडं. म्हणून तो गिऱ्हाइकाला सांगतो पाच तक्ते लागतील, फार झालं.

आता कापून बघा. तक्ता उभा कापला की ८ बाय २ च्या दोन पट्ट्या. बाजू आणि मधली फळी सात-सात फुटाची, तीन पट्ट्या गेल्या, प्रत्येकीला फूटभर तुकडा उरला. वर-खालीला दोन पट्ट्या, दोन-दोन फूट उरले. आडव्या फळ्या एका पट्टीत दोनच बसतात, म्हणजे अजून दोन पट्ट्या. सात पट्ट्या म्हणजे साडेतीन तक्ते. पल्ले दीड फुटाचे, एका तक्त्यात दोनच निघतात, फूटभराची पट्टी उरते. चार पल्ल्याला दोन तक्ते. एकूण साडेपाच. आणायला लागतात सहा! मागचं पाठ वेगळं, सहा एमएमचं, ४२ फूट, त्याचे दोन तक्ते.

आता गिऱ्हाईक म्हणतंय सुतारानं एक तक्ता खाल्ला. डेकोरेटर गप्प. आम्ही चोर.

उरलेल्या अर्ध्या तक्त्यात आणि त्या फूटभराच्या पट्ट्यांत ड्रॉवर बसवता येतात, पण ते आधी कागदावर काढलं तर. तुम्ही नकाशा देताना सोबत कापायचा नकाशा पण द्या. सोलापुरातला एकबी सुतार तुम्हाला विसरणार नाही.

---

कडकभाकरी | रात्री १०:०३

रंधाभाऊ, आमच्या सुताराची मी आज मनातल्या मनात माफी मागितली.

---

ओळंबा | रात्री १०:२०

उत्तम प्रतिसाद. यात करवतीच्या पात्याची जाडीही धरा, प्रत्येक कापाला तीन-चार मिलिमीटर जातात. दोन फुटाच्या दोन पट्ट्या नेमक्या दोन फुटाच्या कधीच निघत नाहीत.

---

रंधा | रात्री १०:२६

बरोबर काका. म्हणून कपाटाची खोली २४ इंच धरायची नाही, पावणेचोवीस धरायची.

आणि ताई, प्लायवर आयएसआयचा शिक्का बघायचा. ३०३ नंबर साध्या कामाचा, ७१० पाण्याला टिकणारा. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपमधी टाकला की कंपनी खरी का खोटी कळतं. नुसतं "वॉटरप्रूफ" छापलं असेल तर त्याला काय अर्थ नाही.

---

पडदेवाला | सोमवार, सकाळी ११:१५

नवी पेठेत आमचं फर्निशिंगचं दुकान आहे. आबोलीताई, माझं ऐकाल तर सुरुवात पडद्यांपासून करा. भांडवल कमी, धोका कमी, निकाल लगेच दिसतो, आणि चूक झाली तर भिंत पाडावी लागत नाही.

पण इथेही हिशेब आहेच. खिडकी पाच फूट रुंद, म्हणजे ६० इंच. चुण्या चांगल्या पडायच्या तर कापड दुप्पट लागतं, १२० इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा ४८ इंच. म्हणजे अडीच पन्हे, पण अर्धा पन्हा मिळत नाही, तीन घ्यायचे. उंची ६० इंच, वर-खाली दुमडायला फूटभर, ७२ इंच. तीन वेळा ७२ म्हणजे साधारण साडेपाच मीटर. मोठी फुलं किंवा नक्षी असेल तर ती जुळवायला प्रत्येक पन्ह्यामागे आणखी कापड जातं. नवखे हे विसरतात आणि दुसऱ्या खेपेला आले की तोच रंग तसाच मिळेल याची खात्री नसते, लॉट बदलला की छटा बदलते.

रंग दुकानात पक्का करू नका. आमच्या दुकानात पांढरे दिवे आहेत. तुकडा घरी नेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री तिथल्या दिव्यात बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात छान वाटणारा क्रीम ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात वेगळाच दिसतो.

आणि सोलापुरात पडदा शोभेआधी उन्हासाठी असतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला झिरझिरीत पडदा देणाऱ्याला गिऱ्हाईक मनात शिव्या देतं. तिथे जाड कापड आणि मागे फिकट अस्तर. गडद रंग असेल तर तो आतून, बाहेरच्या बाजूला फिकटच.

जाता जाता: आपल्या गावात एवढी चादर, टॉवेल, वॉल हँगिंग विणली जातात. चादरीला जीआय मानांकन आहे. आणि सोलापुरातल्या दिवाणखान्यात लटकतं कुठून तरी छापून आलेलं कॅनव्हास. पूर्व भागात मागावर विणलेली वॉल हँगिंग बघून या एकदा.

---

पूर्वभाग | दुपारी १:३०

पडदेवाल्यांना अनुमोदन. आमच्या घरी माग होते. जकार्डची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायची, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. आमच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, तेलुगू आणि मोडकं मराठी, पण कागदावर चार रंगांत मोर बसवायचे आणि कापडावर तो कसा दिसेल ते आधीच सांगायचे. आबोलीताई, अशी जुनी डिझाइनर मंडळी अजून आहेत. कमी रंगांत काम कसं भागवायचं हे त्यांच्याकडे दुपारभर बसलात तर कळेल. पैसे मागणार नाहीत, चहा घ्यावा लागेल.

---

स्पष्टवक्ती | दुपारी ४:४४

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही एक डेकोरेटर नेमला होता. थ्रीडी चित्रं अशी की बघत राहावं. राहायला गेलो आणि कळलं की कूलरला जागाच नाही! हॉलच्या एकुलत्या एक मोठ्या खिडकीखाली टीव्हीचं युनिट, तेही भिंतीला ठोकलेलं. सोलापुरात राहून कूलर विसरणारा माणूस. शेवटी युनिट काढलं.

दुसरं, पाणी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये दिवस जातात. पिंप, टाक्या, कळशा कुठे ठेवायच्या याचा त्या चित्रात मागमूस नव्हता. तिसरं, वर्षाची ज्वारी. पोती ठेवायला जागा विचारली तर "आजकाल कोण साठवतं" म्हणाला.

त्यामुळे आबोली, तू इथलीच आहेस हीच तुझी मोठी जमेची बाजू आहे.

---

ओळंबा | सायंकाळी ५:३०

स्पष्टवक्तीताई, पाण्याचं एक जोडतो. दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलोच्या वर जातं. ते माळ्यावर, लाकडी फळीवर किंवा भिंतीला ठोकलेल्या कंसावर ठेवायचं नाही, कितीही मजबूत म्हणोत. जमिनीवरच, आणि शक्यतो मोरीच्या किंवा युटिलिटीच्या भिंतीलगत. कूलरसाठी खिडकीबाहेर जागा, आत जवळ प्लग आणि पाणी भरायला नळी पोचेल असा नळ, या तीन गोष्टी नकाशात आल्या पाहिजेत.

---

चौकट | सायंकाळी ६:१२

आता एक अवघड विषय काढते. पडदेवाले दादा, दुकानदार डेकोरेटरला कट देतात की नाही?

---

पडदेवाला | सायंकाळी ६:४०

देतात. मीही देतो. नाकारत नाही. डेकोरेटर गिऱ्हाईक आणतो, त्याचा मोबदला.

---

स्पष्टवक्ती | सायंकाळी ६:५१

आणि तो कट माझ्याच बिलात असतो ना?

---

पडदेवाला | सायंकाळी ७:०५

असतो. पण ताई, लोक डिझाइनचे पैसे द्यायला तयार नसतात. "चार पडदे तर सुचवायचेत, त्याचे कसले पैसे?" मग तो माणूस जगणार कसा? फी द्या, कट आपोआप थांबेल.

---

चौकट | सायंकाळी ७:३०

थांबत नाही दादा, पुण्यात फी घेऊन कटही घेणारे भरपूर आहेत. आबोली, माझं ऐक: फी वेगळी, लेखी घे. चौरस फुटावर घे किंवा खोलीमागे एकरकमी, पण कागदावर. दुकानदार जी सूट देईल ती गिऱ्हाइकाच्या बिलात उतरव. सुरुवातीला पैसे कमी दिसतील, पण सोलापूरसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, कट लपत नाही.

आणि नातेवाइकांना फुकट करून देणं आजपासून बंद. निदान नाममात्र तरी घे. सुरुवातीला जीएसटीची काळजी नको. निव्वळ सेवा असेल तर वर्षाला वीस लाखांच्या आत नोंदणीची सक्ती नाही. सीएंकडे होतीस म्हणजे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

---

आबोली | रात्री १०:४०

हो, ते माहीत आहे. कोटेशन आणि बिल कसं करायचं याचीच मला भीती नाही. भीती वाटते ती सुतारांशी बोलायची.

---

रंधा | रात्री १०:५८

आम्ही काय चावतो काय ओ ताई.

---

कुंभारीकर | मंगळवार, सकाळी ८:२५

सगळी चर्चा फ्लॅटवाल्यांची चालली आहे म्हणून लिहितो. सोलापूरजवळच्या कुंभारीला बिडी कामगार महिलांची दहा हजार घरं २००६ मध्ये झाली. रे नगरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजारांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला झालं. घर साधारण तीनशे चौरस फुटांचं. त्यात चार-पाच माणसं, कुठे शिलाई मशीन, कुठे बिड्यांचं सूप, पोरांचा अभ्यास, देवघर आणि पाण्याचं पिंप. या घरांचं डिझाइन कोण करतं? कोणीच नाही. बाजारातून तयार लोखंडी कपाट आणि पलंग येतो आणि अर्धी खोली संपते.

इथे मोठी फी मिळणार नाही हे कबूल. पण घरं सगळी एकाच आराखड्याची आहेत. एका घराची नीट मापं घेऊन भिंतीला मिटणारं टेबल, खाली साठवण असलेला दिवाण, दाराच्या वरची फळी असं एक बसवून दाखवलं तर तेच शेजारी, तेच समोर. रंधाभाऊंसारख्यांना एकाच मापाच्या पन्नास वस्तू करायला परवडेल, कापण्यात नासाडीही कमी.

---

रंधा | सकाळी ९:१०

हे मला आधी कोण का सांगितलं नाही. कुंभारीकर, व्यनि (खाजगी निरोप) बघा.

---

चौकट | सकाळी ९:४०

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत 'छोटी घरं' म्हणून जे शिकवतात ते पाचशे फुटांपासून सुरू होतं. हा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता.

---

मावशी | दुपारी १२:३०

मी रोज वाचते, लिहीत नाही. पण ओट्याचं कोणीच लिहिलं नाही.

माझी उंची चार फूट अकरा. सुनेने नवीन ओटा चौतीस इंचाचा केला, तिच्या हिशेबाने. पोळ्या लाटायला चालतं. भाकरी थापायला नाही. भाकरीला पीठ मळताना तळहाताचा जोर वरून खाली यावा लागतो आणि परातीचा काठ आणखी दोन-तीन इंच वर येतो. दोन्ही खांदे भरून येतात. आमच्याकडे दोन्ही वेळेला ज्वारीच्या भाकरी. मी पाटावर उभी राहून थापते आता.

तुम्ही डेकोरेशन शिकणारी मंडळी, आधी विचारा घरात भाकरी कोण करतं.

---

ओळंबा | दुपारी १:१५

मावशी, शंभर टक्के. ढोबळ नियम असा: सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. चिरणं-लाटणं यासाठी त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा हवा. जोर लावून मळायचं असेल तर आणखी खाली. तुमच्या उंचीला तीसच्या आसपास येईल. एकाच ओट्याचा शेगडीपलीकडचा दोन-अडीच फुटांचा तुकडा खाली घेता येतो. ग्रॅनाइट दोन तुकड्यांत लागेल, एवढाच फरक.

---

आबोली | दुपारी २:०५

मावशी, हे वाचून लगेच सासूबाईंचं कोपर मोजलं. त्या घाबरल्या, म्हणाल्या काय झालं. त्यांचं आणि माझं साडेतीन इंचांचं अंतर आहे आणि ओटा माझ्याच उंचीचा निघाला.

---

ईशान्य | दुपारी ३:५०

सगळं ठीक, पण वास्तुशास्त्राशिवाय सोलापुरात एकही काम मिळणार नाही. आग्नेयेला शेगडी नसेल तर मी स्वतः तो फ्लॅट...

---

कडकभाकरी | दुपारी ३:५८

आला रे आला.

---

चौकट | दुपारी ४:२०

मी मानत नाही. पण गिऱ्हाईक मानत असेल तर पहिल्याच भेटीत विचारून घेते, कारण पलंगाचं डोकं कुठल्या दिशेला आणि देवघर कुठे हे शेवटी बदललं की सगळे स्विचबोर्ड बदलतात. वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

---

संपादक मंडळ | सायंकाळी ५:००

वास्तुशास्त्रावरचे पुढचे प्रतिसाद आधीच्या संबंधित धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयावरच लिहावे.

---

माळवद | रात्री ९:३०

गावठाणातल्या जुन्या घरात राहतो. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचं माळवद. उन्हाळ्यात बाहेर भट्टी असताना आत पंख्यावर भागतं. एका डेकोरेटरने सुचवलं की कोनाडे बुजवा, भिंतींना पीओपी करा, खाली फॉल सीलिंग घ्या. सीलिंगच्या वर पाणी झिरपलं तर कळणार कधी? आणि तुळईला वाळवी लागली तर दिसणार कशी? मी नाही म्हटलं. कोनाड्यांत दिवे बसवले, भिंतींना चुना दिला, शहाबादी घासून घेतली. बस.

आबोलीताई, अशा घरात खिळा ठोकण्याआधी विचारा. दगडात जात नाही आणि मातीत राहत नाही. वजनदार वस्तू भिंतीला टांगण्याऐवजी जमिनीवर उभ्या करायच्या.

---

आबोली | गुरुवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. ऑनलाइन कोर्सचे पैसे भरलेले नाहीत, टेप आणि वही घेतली आहे.

आता पहिलं खरं काम आलंय. नणंदेच्या मुलीची खोली, विजापूर रोडला. १० बाय १२, छत १० फूट. अभ्यासाचं टेबल, कपाट, सिंगल पलंग. फी घेणार आहे, थोडीच, पण नणंदेला लेखी कोटेशन दिलंय (ती हसली, मग वाचलं, मग सही केली). नकाशाचा फोटो जोडते. रंगाचं क्षेत्र असं काढलंय: चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४०, दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा, राहिले ३९९, साधारण चार ब्रास (शंभर चौरस फुटांचा एक). बरोबर आहे का? छत वेगळं १२०.

कपाटाचा कापायचा नकाशाही काढलाय. रंधादादा, बघाल का?

---

ओळंबा | रात्री ११:१०

क्षेत्र बरोबर. दोन गोष्टी. दार आत उघडतं आणि उघडलं की कपाटाच्या पहिल्या पल्ल्याला धडकतंय. कपाट नऊ इंच सरकवा. आणि टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवलंय, खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळी परीक्षेच्या दिवसांत पोरीच्या डोळ्यांवर ऊन येईल. उजेड डावीकडून यावा असं टेबल फिरवा, मुलगी डावरी असेल तर उजवीकडून.

---

आबोली | रात्री ११:१८

डावरीच आहे! पण काका, कपाट नऊ इंच सरकवलं तर पलंग आणि कपाटात दोनच फूट उरतात.

---

चौकट | रात्री ११:२५

मग त्या बाजूचे पल्ले सरकते कर. उघडे पल्ले दीड फुटाचे, समोर उभं राहायला जागा हवी, दोन फुटांत जमणार नाही. फक्त सरकत्या पल्ल्यांना पुढे रुळासाठी तीन-चार इंच जातात, आतली खोली तेवढी कमी होते. हँगर आडवा बसेल एवढी, वीस इंच तरी, शिल्लक ठेव.

---

रंधा | शुक्रवार, सकाळी ७:०५

कापायचा नकाशा बघितला. पात्याची जाडी धरली नाही, बाकी चांगला हाय. सरकते पल्ले केले तर चाराचे दोन होतील, तीन-तीन फुटाचे, एकमेकांवर इंचभर चढले पाहिजेत. मग एका तक्त्यात एकच पल्ला निघतो, तक्ते तेवढेच पण उरलेली पट्टी परत फूटभराचीच, जरा कमी. आणि एवढा रुंद पल्ला साध्या १८ एमएम प्लायचा वाकतो, त्याला मागून पट्टी नाहीतर बाजारातलं सरळ ठेवायचं चॅनल लावायला लागतंय. ते कोटेशनमधी धरलंय काय?

रविवारी सकाळी आमच्याकडं असाच एक सरकता पल्ला बसवलालोय. येऊन बघा. चप्पल नको, बूट घालून या, खाली चुका, म्हणजे बारके खिळे असतात.